अण्णांचं ऑफिस आणि वॉट्सनचं हॉटेल

परवा भाच्याच्या मुलाचा मेसेज आला. पोरगा पुण्यात आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यांना एका जुन्या इमारतीवर टिपण लिहायला सांगितलंय. सोबत एक फोटो होता आणि खाली तीन प्रश्न. "मावशीआजी, पणजोबा याच बिल्डिंगमध्ये कामाला होते ना? ही पाडायची असं का म्हणत होते? आणि पाडली तर नक्की काय बिघडेल?"

पहिल्याचं उत्तर सोपं. हो, याच बिल्डिंगमध्ये. दुसऱ्याचं उत्तर चार-पाच वाक्यांत देता येईल. तिसऱ्याने मात्र माझी दोन दिवस झोप घालवली. मोबाइलवर एका बोटाने एवढं लिहिणं मला काही जमत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. बाकीच्या मंडळींनीही वाचायला हरकत नाही. अण्णा सगळ्यांचेच होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मुंबईत काळा घोडा म्हणतात त्या भागात महात्मा गांधी रस्त्याला एका ओळीत चार जुन्या इमारती आहेत. एल्फिन्स्टन कॉलेज, डेव्हिड ससून लायब्ररी, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आणि शेवटी एस्प्लनेड मॅन्शन. (काळा घोडा म्हणजे सातव्या एडवर्डचा पुतळा. तो १९६५ साली तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. नाव मात्र जागेला चिकटून राहिलं. २०१७ साली तिथे नवा काळा घोडा बसवला, पण पाठीवर स्वार नसलेला. मला हा जास्त आवडतो!) पहिल्या तीन इमारतींकडे येणारा-जाणारा मान वर करून बघतो. चौथीकडे बघून म्हणतो, अरेरे. ती चौथी म्हणजे अण्णांचं ऑफिस.

अण्णा एका सॉलिसिटरकडे कारकून होते. कागदांचे गठ्ठे बांधणं, कोर्टाचे स्टँप आणणं, तारखांची वही ठेवणं, आणि साहेबांच्या पुढे-मागे हायकोर्टात धावणं हे त्यांचं काम. डोंबिवलीहून सकाळची लोकल, व्ही.टी.ला उतरून चालत काळा घोडा. पावसाळ्यात छत्री, बाकी आठ महिनेही छत्रीच. १९७१ साली मी बी.ए.ला होते. विद्यापीठात कसलासा फॉर्म भरायचा होता, आणि विद्यापीठ अण्णांच्या ऑफिसच्या समोरच. म्हणून एक दिवस त्यांच्याबरोबर गेले. फॉर्मची खिडकी बारा वाजता उघडणार होती, तोवर ऑफिसात बसले.

बाहेरून ती इमारत मला काही विशेष वाटली नाही. राजाबाई टॉवर बघून आलेली मी. ही आपली जाळीच्या गॅलऱ्यांची एक मोठी चाळ वाटली. आत काळोख, लाकडी जिना, प्रत्येक पायरीची वेगळी कुरकुर. मधल्या चौकात कबुतरं. खोल्यांच्या अर्ध्या-अर्ध्या खोल्या केलेल्या, त्यांच्याही पुन्हा अर्ध्या, आणि प्रत्येक अर्ध्यावर एकेका वकिलाची पाटी. टाइपरायटरची टकटक आणि ओल्या कागदांचा वास. तो वास अण्णांच्या कोटाला कायम असायचा, तो कुठून येतो ते त्या दिवशी कळलं.

दारातून आत शिरताना अण्णांनी छत्रीच्या दांड्याने खांबावर टण्‌ केलं. म्हणाले, "ऐकलंस? लोखंड आहे. अख्खी इमारत विलायतेहून बोटीतून आली." मला वाटलं, सवयीप्रमाणे थट्टा करताहेत. इमारत कधी बोटीतून येते का? रात्री आईला सांगितलं तर तीही म्हणाली, "अगं, ते सगळ्यांनाच सांगतात तसं."

पुढे बऱ्याच वर्षांनी वाचलं तेव्हा समजलं, अण्णांनी एक अक्षर वाढवून सांगितलेलं नव्हतं.

मुंबईच्या किल्ल्याच्या तटबंद्या १८६०नंतरच्या दशकात, सर बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना पाडल्या. तो कापसाच्या पैशाचा काळ होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिकडचा कापूस बंद, आणि आपला कापूस सोन्याच्या भावाने इंग्लंडला चाललेला. तट पडल्यावर जी मोकळी जमीन मिळाली तिचे भूखंड पाडून लिलावाने विकले. त्यातला एक १८६४ साली जॉन वॉट्सन नावाच्या कापड-दुकानदाराने घेतला. गोऱ्या लोकांचे उंची कपडे हा त्याचा धंदा. आधी तिथे दुकानच थाटायचं त्याच्या मनात होतं, नंतर त्याने हॉटेल काढलं. ओर्डिश नावाच्या इंजिनिअरकडून त्याने नकाशे करून घेतले. हा ओर्डिश साधा माणूस नव्हता. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनच्या प्रचंड छपराच्या कामात आणि अल्बर्ट हॉलच्या घुमटात त्याचा हात आहे. खांब, तुळया, गॅलऱ्यांचे कठडे, सगळं इंग्लंडमधल्या डर्बी गावी ओतून-घडवून घेतलं, बोटीत भरलं आणि मुंबईला आणून एकमेकांना जोडलं. उभारणी १८६७ ते १८६९. सुएझचा कालवा १८६९च्या नोव्हेंबरात उघडला. म्हणजे एवढं जड लोखंड आफ्रिकेला वळसा घालून आलं असणार! वर्गात सुएझ कालवा शिकवताना मी हे उदाहरण द्यायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही.

आता बाळा, तुझ्या टिपणासाठी जरा महत्त्वाचं. (तुला कॉलेजात शिकवलं असेल, तरी मावशीआजीकडून ऐक.) आपल्याकडे घराचा भार भिंती घेतात. म्हणून जुन्या वाड्यांच्या भिंती दोन-दोन हात रुंद. या इमारतीत भार घेतो तो लोखंडी सांगाडा. भिंती नुसत्या मधे भरलेल्या, पडदा लावावा तशा. पुढे जगभर ज्या उंच इमारती झाल्या त्यांचं मूळ तत्त्व हेच. शिकागोची जी दहा मजली इमारत गगनचुंबी इमारतींची पहिली पायरी म्हणून सांगतात, ती १८८५ची. आपली ही त्याच्या दीड दशक आधीची, पाच मजल्यांची. अशी बिडाच्या सांगाड्याची भारतात टिकून राहिलेली सर्वांत जुनी इमारत हीच मानतात.

बीड म्हणजे ओतीव लोखंड, हे मात्र तुम्हा मुलांना तव्यावरून समजावलं तर पटकन कळेल. बिडाचा तवा पिढ्यान्‌पिढ्या चालतो. पण हातातून फरशीवर पडला की दोन तुकडे. वाकत नाही, तुटतो. डोक्यावर ओझं द्या, कितीही पेलेल. ताण द्या, हिसका द्या, तडकेल. तेव्हा अशी इमारत उभी ठेवायची तर तिच्यावर कुठे किती वजन पडतंय ते बघत राहायला हवं. आणि तिथे नेमकं उलट झालं. एका खोलीच्या चार, त्यात पोटमाळे, जिथे नव्हते तिथे नळ आणि मोऱ्या, वर्षानुवर्षं झिरपणारं पाणी, छपरावर पत्रे. सगळ्यांनी आपापली सोय पाहिली. अण्णांच्या साहेबांनीही पोटमाळा करून घेतला होता. जुनी दफ्तरं ठेवायला. अण्णाच शिडीवर चढून ठेवायचे.

हॉटेल म्हणून तिचे दिवस वेगळे होते. एकशे तीस खोल्या, खाली उपाहारगृह, आणि मधे काचेच्या छताखाली मोठं नाचघर. ज्या चौकात मी कबुतरं पाहिली तेच हे नाचघर. वाढायला खास विलायतेहून आणलेल्या मुली. तेव्हाचे गोरे गमतीने म्हणायचे, वॉट्सनने तिकडच्या पोरी आणल्या तशी हवाही आणली असती तर बरं झालं असतं! हॉटेल युरोपियनांसाठी. जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधलं, अशी गोष्ट आपण सगळेच सांगतो. ती दंतकथा म्हणूनच सांगावी. ताज १९०३ साली उघडलं आणि वॉट्सनचा रंग उतरत गेला, एवढं खरं.

जानेवारी १८९६मध्ये मार्क ट्वेन इथे उतरला होता, बायको-मुलीसह. डोक्यावर कर्ज झालं होतं, ते फेडायला व्याख्यानं देत जगभर फिरत होता. 'फॉलोइंग द इक्वेटर' या त्याच्या पुस्तकात मुंबईच्या कावळ्यांवर बहारीचा मजकूर आहे. वॉट्सनच्या गॅलरीत बसून त्याने ते कावळे पाहिले. तेवढाच उतारा सगळे सांगतात. मला मात्र त्याच्या जरा अलीकडची गोष्ट जास्त मोलाची वाटते. खोलीच्या दाराचं काहीतरी काम होतं. एक नोकर गुडघ्यावर बसून ते करत होता. त्याचं काम हॉटेलच्या जर्मन माणसाला पसंत पडेना. त्याने काय चुकलं ते सांगायच्या आधी नोकराच्या थोबाडीत मारली. नोकर गप्प राहिला. ट्वेन लिहितो की ते पाहून त्याला पन्नास वर्षं जुनं आपलं लहानपण आठवलं. मिसूरी राज्यात, जिथे गुलाम होते, तिथे गुलामाला काही सांगायची हीच रीत होती, आणि ती आपण विसरून गेलो होतो.

त्या नोकराचं नाव पुस्तकात नाही. मुंबईचाच कोणीतरी. या इमारतीत जे घडलं त्याची यादी करायची तर ही थप्पड तिच्यात यायला हवी.

त्यानंतर सहाच महिन्यांनी, मंगळवार, ७ जुलै १८९६. ही तारीख मी पंचवीसेक वर्षं मुलांकडून पाठ करून घेतली. फ्रान्सच्या लुमिएर बंधूंनी डिसेंबर १८९५मध्ये पॅरिसच्या एका कॅफेच्या तळघरात तिकीट लावून हलती चित्रं दाखवली. (त्या तळघराचं नाव काय होतं माहीत आहे? 'इंडियन सलों'. म्हणजे हिंदी दिवाणखाना!) त्यांचा माणूस मारिउस सेस्तिए ऑस्ट्रेलियाला जाता-जाता मुंबईत थांबला आणि त्याने वॉट्सनमध्ये खेळ लावले. 'टाइम्स'मध्ये जाहिरात आली. तिकीट एक रुपया. सहा छोटी-छोटी चित्रं, प्रत्येक मिनिटभराचं. आगगाडी स्टेशनात येते, कारखान्यातून कामगार बाहेर पडतात, समुद्रात पोरं उड्या मारतात. आणि एक म्हणजे, भिंत पाडतात. मजूर पहार लावतात, भिंत कोसळते, धूळ उठते. एवढंच. या भिंतीची पट्टी लुमिएरचे लोक पुष्कळदा उलटीही फिरवून दाखवत, की धूळ खाली बसायची आणि पडलेली भिंत आपली आपण उभी राहायची. मुंबईत तशी फिरवली असेल तर बाहेर जुलैचा पाऊस आणि आत पडलेली भिंत उठताना बघणारे ते साहेब-मडमा! गंमतच.

१९९६ साली या घटनेला शंभर वर्षं झाली, म्हणून मी आमच्या शाळेची आठवीची सहल काढली. म्युझियम बघायचं (तेव्हा अजून प्रिन्स ऑफ वेल्स नाव होतं), आणि जाताना पाच मिनिटं एस्प्लनेड मॅन्शनसमोर उभं राहायचं. मी रीतसर भाषण केलं. मुलांनो, भारतात सिनेमा इथे जन्माला आला वगैरे. "माझे वडील इथेच कामाला होते" हेही सांगितलं, जरा मिरवूनच. मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "बाई, तेव्हा आत आपली माणसं होती का?"

मी म्हटलं, "रांग सोडू नकोस, चल पुढे."

उत्तर येत नव्हतं असं नाही. युरोपियनांचं हॉटेल, रुपयाचं तिकीट, म्हणजे आत कोण असणार ते उघड होतं. पण भाषणाचा रंग जाईल म्हणून मी ते टाळलं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मुलांच्या प्रश्नांना मी अशा बऱ्याच बगला दिल्या असतील. ही एक तेवढी लक्षात राहिली. मुलगी हुशार होती. आता कुठे असते ठाऊक नाही.

तिला द्यायचं उत्तर पुढे थोडं वाचल्यावर सापडलं. वॉट्सनमधले खेळ आटोपल्यावर आठवड्याने, १४ जुलैपासून, तीच चित्रं बोरीबंदराजवळच्या नॉव्हेल्टी थिएटरात लागली. नॉव्हेल्टी हे पारशी नाटक कंपन्यांचं थिएटर. तिथे तिकीट चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत. पडद्यातल्या बायकांसाठी वेगळे बॉक्स ठेवले. दोन-चार दिवसांचे खेळ होते ते वाढत-वाढत ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालले. म्हणजे मुंबईकराने सिनेमा पाहिला तो नॉव्हेल्टीत, चार आण्यांच्या जागेवर बसून! नाटकाला ज्या थिएटरात जायची सवय होती तिथेच. आणि पाहिला तोही वेळेवर, कारण सप्टेंबरात मांडवीत प्लेगचा पहिला रोगी सापडला आणि मग शहर निम्मं रिकामं झालं.

मुंबईत त्या पावसाळ्यात हे खेळ पाहणाऱ्यांत आपला एक मराठी माणूस होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा. धंद्याने फोटोग्राफर. बाकीचे लोक पाहून थक्क झाले आणि घरी गेले. याने विलायतेहून कॅमेरा मागवला. १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची कुस्ती लावून तिचं चित्रण केलं. भारतीय माणसाने घेतलेलं पहिलं चलच्चित्र ते. १९०१ साली रघुनाथ परांजपे केंब्रिजहून रँग्लर होऊन परत आले, तेव्हा चौपाटीवर त्यांचा जो सत्कार झाला तोही दादांनी कॅमेऱ्यात धरला. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला तो १९१३ साली, म्हणजे बारा वर्षांनी. आपण फाळक्यांचं नाव घेतो, घ्यायलाच हवं, पण सावे दादांचं नाव शाळेच्या पुस्तकात मी तरी कधी शिकवलं नाही. नव्हतंच.

आणि नॉव्हेल्टी? ते केव्हाच गेलं. त्या जागी एक्सेलसियर सिनेमा आला. 'राजा हरिश्चंद्र' लागला ते गिरगावचं कॉरोनेशनही गेलं. दादा पुढे गेइटी थिएटरचे मॅनेजर झाले. त्या गेइटीचं नंतर कॅपिटॉल सिनेमा झालं, ते व्ही.टी.समोर. लहानपणी अण्णांनी आम्हा भावंडांना तिथे एक इंग्रजी चित्रपट दाखवला होता. कळला काहीच नाही. मध्यंतरातले वेफर्स आठवतात.

म्हणजे पाहा, ज्या थिएटरचं मराठी माणसाला कौतुक वाटायला हवं त्याचा दगड राहिला नाही, आणि ज्या हॉटेलात आपल्याला प्रवेश नव्हता ते, कसंबसं का होईना, उभं राहिलं. तेही कोणी जपलं म्हणून राहिलं असं नाही. पागडीवरचे भाडेकरू, कोर्टातले दावे, आणि पाडायचा खर्च कोण करणार हा घोळ, यांनी ते राखलं. भाडेकरूंनी तिची नासधूस केली हे खरंच, पण ते नसते तर ती चाळीस वर्षांपूर्वीच गेली असती. तिथे टॉवर झाला असता.

२००५च्या जून महिन्यात जगातल्या सर्वांत धोक्यात असलेल्या शंभर वास्तूंची एक यादी 'वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड' या संस्थेने जाहीर केली. तिच्यात हे नाव होतं. आणि १ जुलैला पश्चिमेकडच्या गॅलऱ्यांचा भाग कोसळला. एका माणसाचा जीव गेला. त्याच महिन्यात २६ जुलैचा पाऊस झाला आणि सगळे वॉट्सन विसरले. अण्णा तोवर गेले होते. बातमी वाचल्यावर माझ्या मनात आधी तो पोटमाळा आला, मग तो मेलेला माणूस. हा क्रम काही मला भूषणावह नाही, पण खरं ते लिहिते.

पुढे २०१९ साली प्रकरण हायकोर्टात तापलं. इमारत धोकादायक आहे म्हणून रिकामी करायचा हुकूम झाला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आयआयटीच्या तपासणी अहवालात ती दुरुस्तीपलीकडे गेली आहे, पाडून पुन्हा बांधावी, असा सल्ला होता. जतनाचं काम करणारे वास्तुरचनाकार आणि इंजिनिअर म्हणाले, नाही, सांगाडा वाचवता येतो. 'दोन-अ' श्रेणीची वारसा वास्तू, तेव्हा पाडायला सहज परवानगी नाही. २०१८ साली हाकेच्या अंतरावरच्या ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींना युनेस्कोचा मान मिळालेला, आणि त्यांच्या शेजारी हे असं. जे वकील कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या जागांचे दावे चालवत होते त्यांना आपापली दफ्तरं उचलावी लागली. साठ-सत्तर वर्षांचे कारकूनही असतील त्यांत. त्यांना वारसा शब्द ऐकूनच अंगावर काटा येत असेल, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही.

आता तिसरा प्रश्न, बाळा. पाडली तर काय बिघडेल?

सिनेमाच्या नावाने ती वाचवा असं जे म्हणतात, त्यांचं म्हणणं मला आता तितकंसं पटत नाही. आपल्या माणसांनी पाहिलेला खेळ दुसरीकडे होता हे तुला वर सांगितलंच. नुसती आठवण ठेवायची तर एक पाटी पुरे. ट्वेनच्या कावळ्यांसाठीही पाटी पुरेल. पण त्या खांबांना पाटी पुरत नाही. ते डर्बीला ओतलेले, आफ्रिकेला वळसा घालून आलेले, आणि इथल्या कामगारांनी एकावर एक चढवलेले खांब आहेत. "पाडून हुबेहूब तशीच बांधू" म्हणतात तेव्हा मला हसू येतं. काँक्रीटचा सांगाडा करून त्यावर लोखंडी जाळ्या लावणार असाल तर ते सिनेमाच्या सेटसारखं होईल. ओर्डिशने भिंतींना भारातून मोकळं कसं केलं ते तुझ्यासारख्या मुलाने तिथे हात लावून शिकायला हवं, पुस्तकातल्या चित्रावरून किती शिकशील?

मी इंजिनिअर नाही, हे मला घरातले सगळे आठवण करून देतात. तरी मला वाटतं की जी इमारत तुकड्या-तुकड्यांनी बोटीतून आली, ती तुकड्या-तुकड्यांनी उतरवून, किडलेला तुकडा बदलून, परत जोडता का येऊ नये? बिडाचा प्रत्येक खांब तपासायचा. पोटमाळे, मोऱ्या, पत्रे आधी काढायचे. डोक्यावरचं ओझं उतरलं की खांब किती दिवस टिकतात ते तरी बघायचं. खर्च येईल, पुष्कळ येईल. कोणी करायचा हे कोर्टाने ठरवावं. पण ज्यांना हुसकलं त्यांना परत जागा मिळणार असेल तरच. इतकी वर्षं ती राखली त्यांनी, तेही दुसरीकडे कुठे जागा मिळत नव्हती म्हणून का असेना. त्यांना घालवून तिथे उंची हॉटेल काढलं आणि दारात "आद्य चित्रपट" म्हणून फलक लावला तर वॉट्सनचंच राज्य परत आलं म्हणायचं. अण्णांना दारावरच्या शिपायाने हटकलं असतं.

आणि पाटी लावणारच असाल तर सगळं लिहा. ओर्डिशचं नाव लिहा, सेस्तिएचं लिहा, कावळेही लिहा, आणि दाराचं काम करताना थोबाडीत खाल्लेला तो माणूसही लिहा. नॉव्हेल्टीच्या चार आण्यांच्या जागा लिहा. हे सगळं त्या मुलीला मी फुटपाथवर सांगायला हवं होतं.

तिथे मी गेल्या वेळी गेले तेव्हा बांबूच्या परांच्या आणि हिरवी जाळी होती. बाजूच्या फुटपाथवरून जाऊ देत नव्हते. ससून लायब्ररीच्या पायऱ्यांवर जरा टेकले, गुडघे दुखत होते. समोरून कॉलेजची मुलं मोबाइलवर फोटो काढत होती, पण नव्या काळ्या घोड्याचे. खांबाला हात लावावा, छत्रीने वाजवून बघावा असं फार वाटत होतं. तिथे उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाला सांगितलंसुद्धा, "अहो, माझे वडील इथे कामाला होते." तो म्हणाला, "आजी, सगळ्यांचेच कोणी ना कोणी होते." मला राग आला नाही. नंतर त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

तेव्हा बाळा, टिपणात काय लिहायचं ते तू ठरव. मी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं उतरवू नकोस, तुमचे सर विचारतील हे कुठून आणलं. मोजमापं, सांधे, कुठल्या खांबाला कुठली तुळई कशी बसवली आहे, हे जमेल तितकं स्वतः काढ. परवानगी मिळाली तर आत जा, नाही मिळाली तर समोरच्या फुटपाथवरून.

एक विनंती बाकीच्या मंडळींना. अण्णांचा त्या दारात छत्री घेऊन उभा असलेला एक फोटो होता. काळा-पांढरा, डावा कोपरा दुमडलेला. साहेबांच्या मुलाने नवा कॅमेरा आणला तेव्हा काढलेला. आईनंतर सामान वाटताना तो कोणाकडे गेला ते मला आठवत नाही. वन्संच्या ट्रंकेत बघा, नाहीतर बेळगावच्या घरी भिंतीतल्या कपाटात, वरच्या फळीवर. सापडला तर ह्या पोराला पाठवा. मागचा खांब नीट दिसतो त्यात.